कातळावरची उतरंड

रात्रीचा एक वाजून गेला होता. जुलैतला दुसरा शुक्रवार संपून शनिवार लागला होता. युटाच्या दक्षिणेला, एका घळीवर जो लांबरुंद कातळ पसरलाय, त्यावरून ऑरिन पील नावाचा माणूस कपाळाला दिवा बांधून एकटा चालला होता. काम साधं होतं. दुपारी मित्रांबरोबर गंमत म्हणून रचलेले दगड पाडायचे आणि उजाडायच्या आत तंबूत परत यायचं.

तो कंदील जरा बारीक करा. डोळ्यांवर येतो.

तुम्ही उद्या पहाटे गाडी काढणार, सुट्टीत पाच पार्कं उरकणार, म्हणून हे आज सांगतोय. ऑरिनला मी ओळखतो. आयडाहोतल्या बॉइसीच्या एका शाळेत मुलांना सुतारकाम शिकवतो. कमी बोलतो, बढाया मारत नाही, दोन बियरच्या पुढे जात नाही. त्याने मला हे एकदाच सांगितलं आणि वर म्हणाला, परत विचारू नका. पार्कचं नाव मी घेणार नाही. घेतलं तर तुम्ही म्हणाल, तेवढी एक जागा टाळू, बाकी सगळं ठीक आहे. तसं ते नाही.

तिघं निघाले होते. ऑरिन, किप आणि जनेल. कॉलेजपासूनची दोस्ती. किप घरं विकतो. त्याला बोलायला लागलं की थांबता येत नाही. जनेल लग्नांचे फोटो काढते. दर तीन-चार वर्षांनी उन्हाळ्यात किपच्या जुन्या व्हॅनमध्ये तंबू, गाद्या आणि बर्फाची पेटी टाकायची आणि बाहेर पडायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्या वर्षी व्हॅनमधला थंड हवेचा पंखा आयडाहोची हद्द ओलांडण्याआधीच मेला. तरी मजेत होते. पेट्रोलपंपावरचे बरिटो खायचे, खिडक्या उघड्या टाकून गाणी म्हणायची, आर्चेस पार्क झालं, पुढे ब्राइस करायचं, मधे ही घळ.

कातळावर वाट उमटत नसते. पाऊल उठत नाही, गवत दबत नाही. म्हणून तिथे ठरावीक अंतरावर दगडावर दगड रचून खुणा केलेल्या असतात. एका खुणेपाशी उभं राहायचं, पुढची दिसली की निघायचं. दिसली नाही तर हलायचं नाही. त्या भागात चालणाऱ्यांचा जीव एवढ्या एका नियमावर असतो. या तिघांनाही तो माहीत होता. सकाळपासून त्याच खुणांवरून तर ते चालत आले होते.

आणि तरी दुपारी, जेवण झाल्यावर, त्यांनी दगडांच्या उतरंडी रचायची पैज लावली.

"ज्याची उतरंड आधी कोसळेल त्याने चाळीस मैलांवर जाऊन बर्फ आणायचा," किप म्हणाला.

"कोसळेल ती तुझीच. तू घरं विकतोस, बांधत नाहीस," जनेल म्हणाली.

"आणि हे मास्तर बघ. दगड रचतायत की शाळेचं स्टूल करतायत? अहो मास्तर, थोडं डुगडुगू द्या की."

ऑरिन हसला. त्याच्या हाताला सवय. त्याचा दगड बसला की बसला. लाल, चपट्या, कडेने भुगा होणाऱ्या चिपा तिथे पायलीच्या पन्नास पडलेल्या. एक झाली, दुसरी झाली, आणि मग जनेलच्या डोक्यात फोटो आला. ती म्हणाली, विखुरलेल्या नकोत, एकीमागे एक हव्यात. वाटेवरच्या मोठ्या खुणेपासून डावीकडे वळून थेट घळीकडे जाणारी रांग. मागे उतरतं ऊन.

सात उतरंडी झाल्या. फोटो सुरेख आला. ऑरिनच्या फोनवर मी पाहिलाय. अगदी वाट दिसते.

किपची आधी पडली, त्याने ती गुपचूप परत लावली, त्यावर भांडण झालं, हसणं झालं, आणि ऊन उतरायला लागलं तसे ते तळावर परतले. दगड तसेच राहिले.

संध्याकाळी शेजारच्या जागेवर चर्चच्या दोन गाड्या येऊन थांबल्या. अकरा मुलंमुली, तेरा-चौदा वर्षांची, आणि त्यांना घेऊन आलेले हॅल्वर्सन नवरा-बायको. हॅल्वर्सन साठीचा, जवळच्या गावात गुराढोरांचा डॉक्टर. मुलं त्याला ब्रदर हॅल्वर्सन म्हणत होती आणि त्याच्या पाठीमागे त्याच्या चालीची नक्कल करत होती. त्याला ते ठाऊक होतं. मुली जनेलचा कॅमेरा बघायला जमल्या. तिने फोटो दाखवले. हॅल्वर्सनही आला, खिशातून चष्मा काढून वाकला.

"हे कुठलं, बाई?"

"इथलंच. वर कातळावर. आज दुपारचं."

"अजून उभे आहेत का हे?"

जनेलने किपकडे पाहिलं. हॅल्वर्सनने मुलांना सरपण मोजायला पिटाळलं. बंदी आहे, शेकोटी कुठे पेटवायची, असं एक मुलगी म्हणाली. "मग तंबूच्या मेखा मोज," तो म्हणाला. ती गेल्यावर तो किपच्या घडीच्या खुर्चीवर बसला.

"मे महिन्यात मिल्टन ग्रीव्ह नावाचा माणूस इथे हरवला. नेब्रास्काचा. उभा जन्म टपाल वाटलं त्याने, चालायला घोड्यासारखा. बायकोचे गुडघे गेलेले, म्हणून ती खाली गाडीत विणत बसली. जेवायला येतो म्हणून गेला. रात्री दहाला तिने रस्त्यावरची पहिली मोटार हात करून थांबवली."

"मग?" ऑरिनने विचारलं.

"मग तीन दिवस शोध. मी होतो, माझे दोन्ही मुलगे होते. त्याची टोपी सापडली. तुमच्या फोटोतल्या जागेपासून जवळच. तिथेही असेच कोणीतरी खेळात रचून ठेवलेले दगड होते. बाकी काही नाही. तिसऱ्या संध्याकाळी वरून हुकूम आला, पुरे." त्याने चष्मा पुसला. "पूर्वी एक रेंजर पोरगी दर सोमवारी सगळा कातळ फिरून असले खेळ पाडायची. तिला घरी बसवली. जागा भरलीच नाही. आणि ग्रीव्हबाईंना काय कळवलं माहितीये? तुमचे यजमान स्वतःच्या चुकीने खुणांची वाट सोडून गेले."

"आम्ही पहाटे चारला निघतो," हॅल्वर्सन म्हणाला. "ऊन चढायच्या आत या पोरांना परत आणायचंय. अंधारात मला दगडांशिवाय दुसरं काही नसतं. म्हणून विचारतो. उभे आहेत का?"

"छे हो," किप म्हणाला. "फोटो काढला आणि लगेच पाडले. आम्ही काय काल आलोय का डोंगरात?"

इतकं सहज म्हणाला. घर दाखवताना छत गळत नाही म्हणतात तसं.

हॅल्वर्सनने ऑरिनकडे पाहिलं. का कोण जाणे, त्याच्याचकडे. आणि ऑरिनने मान डोलावली.

"देव तुमचं भलं करो," असं म्हणून तो म्हातारा उठून गेला.

तंबूत आडवं झाल्यावर ऑरिन म्हणाला, "किप. आपण पाडले नाहीत."

"वाऱ्याने पडतील."

"वारा कुठाय?"

"मास्तर, त्या माणसाने सगळं आयुष्य इथे काढलंय. त्याला रस्ता माहीत नसेल? झोप की लेका."

"अकरा पोरं आहेत."

"मग जा, उठव त्याला. सांग, माझा दोस्त तुमच्या तोंडावर खोटं बोलला. मीही मान डोलावली. जा. तुला चांगुलपणाची हौस भारी."

जनेल दोघांच्या मधे पडली होती. ती जागी होती. तिने कूस बदलली, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, त्याने जाऊन उठवायचं. मीही तेच म्हणालो त्याला. पण वीस वर्षांची दोस्ती होती, आणि शिवाय आपणही मान हलवलेली. त्याला वाटलं, कोणाला न कळता निस्तरता येईल. चारच्या आत वर जायचं, सात उतरंडी लोळवायच्या, मुलं आली की सरळ खऱ्या खुणांवरून निघून जातील, किप खोटा ठरणार नाही, कोणी मरणार नाही. म्हणून तो एकच्या सुमाराला बूट हातात घेऊन तंबूबाहेर पडला.

तासाभरात तो त्या मोठ्या खुणेपाशी पोचला. चंद्र उगवायचा होता. कपाळावरच्या दिव्याचा उजेड दहा-पंधरा पावलं जायचा, पुढे काळोख. डावीकडे पहिली उतरंड दिसली. ती त्याची स्वतःची. लाथेने पाडली. चिपा खडखडत कातळावर पसरल्या. दुसरी जनेलची. तिसरी, चौथी. किपची सर्वांत उंच, तिच्या टोकावर त्याने बियरच्या बाटलीचं झाकण ठेवलेलं. सातवी पाडून त्याने चिपा हाताने इकडे तिकडे भिरकावल्या, की पुन्हा त्यातून कोणाला खूण वाटू नये. हात झटकले. त्याला खरंच हलकं वाटलं. बाटलीतलं पाणी प्यायला आणि वळला.

वळताना दिव्याचा उजेड घळीच्या बाजूला फिरला.

पुढे आणखी एक उभी होती.

आपण आठ केल्या की काय? नाही. सातच. पैजेवरून भांडण झालं तेव्हा मोजल्या होत्या. असेल दुसऱ्या कोणाची. आपल्यासारखे शहाणे काय कमी आहेत? एवढ्यावर आलोय तर हीही पाडू. ती ठेवून गेलं तर आल्याचा उपयोग काय?

तो गेला. लाथ मारली. पायाला लागलं. ही हलली नाही. वाकून हाताने वरचा दगड उचलला तर तो चपटा नव्हता. गोल, गुळगुळीत, जड. गोटा होता. त्याखाली दुसरा गोटा, त्याखाली तिसरा. मास्तर माणूस तो, त्याच्या हाताने आधी ओळखलं. गोट्यावर गोटा बसत नाही. बसवून बघा. घसरतोच. आणि ही गुडघ्याएवढी उभी होती.

त्याने एकेक गोटा उचलून खाली ठेवला. फेकवेना. का ते त्याला सांगता आलं नाही.

मग पुढे पाहिलं. आणखी एक.

तीही पाडली.

आणखी एक.

तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

टक्.

त्याच्या मागे. तो थांबला. रात्री कातळ निवतो तेव्हा दगड असा वाजतो. दिवसभर तापलेला असतो, तडकतो. हे त्याला माहीत होतं. त्याने मनात तेच म्हटलं.

टक्.

मग थोडा वेळ काही नाही. मग...

टक्. आणि त्यापाठोपाठ एक बारीक आवाज. "हं."

काम जमलं की माणूस करतो तसा. दगड बसला, हात काढून घेतला, पडत नाही हे पाहिलं... हं. ऑरिन स्वतः हा आवाज दिवसातून दहा वेळा करतो. लाकडाचा सांधा बसला की. म्हातारा आवाज होता. घसा कोरडा पडलेला.

"कोण आहे?"

"ब्रदर हॅल्वर्सन?"

त्याने सावकाश मान मागे वळवली. उजेड मागे गेला. जी उतरंड त्याने आत्ता पाडली होती, ती उभी होती. तिच्यापलीकडची उभी होती. तिच्यापलीकडे चिपांच्या सात. ओळीने. सगळ्या.

पुढे पाहिलं. पुढेही.

मागे तशीच रांग, पुढे तशीच रांग. तो दोनदा वळला असेल, तीनदा. आणि मग... तो आला कुठून हेच त्याला कळेना. घळ कोणत्या हाताला? मोठी खूण कोणत्या? दोन्हीकडे दगड. दोन्हीकडे काळोख.

उजेडाच्या टोकावर एक उतरंड होती. तिचा सर्वांत वरचा गोटा अजून हलत होता. डुगडुगत होता. जरा इकडे... जरा तिकडे... आणि मग स्थिर झाला.

"हं."

तो मटकन खाली बसला. जिथे होता तिथेच. पुढची खूण दिसली नाही तर हलायचं नाही, हा नियम. दोन्हीकडे दिसल्या तर काय करायचं, हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याने गुडघे पोटाशी घेतले. दिवा विझवला, की बॅटरी उरावी. आणि खरं सांगायचं तर, की दिसू नये.

अंधारात काम चालू होतं.

टक्. हं.

घाई नव्हती. कोणी रागावलेलं नव्हतं. एक जागा झाली की थोडं थांबून पुढची. कधी समोर. कधी मागे. एकदा... इतकं जवळ, की दगड ठेवल्याचा हादरा त्याला बसल्या जागी कळला. त्याने श्वास रोखला. शेजारी कोणीतरी सुकलेल्या तोंडाने जीभ टाळूला लावून सोडवत होतं.

किती वेळ... ते त्याला माहीत नाही.

मग त्याला दूरवर दिवे दिसले.

छोटे छोटे, एकामागे एक. बारा-तेरा. वर-खाली होत येत होते. मुलं गात होती. सकाळच्या प्रार्थनेतलं काहीतरी, अर्धे सुरात, अर्धे झोपेत. मोठ्या खुणेपाशी दिवे थांबले. पुढची खूण शोधत असणार.

टक्.

दिवे वळले. त्याच्याकडे.

ऑरिन उठून उभा राहिला. दिवा लावला, हात वर केले, जोरजोरात हलवले. रांगेतल्या पुढच्या दिव्याने त्याला पाहिलं. आणि वेग वाढवला. मुलांना वाटलं, कोणीतरी बोलावतंय. गाणं थांबलं, धावण्याचे आवाज आले, हॅल्वर्सनच्या बायकोच्या आवाजात "हळू रे" आलं.

तेव्हा त्याने कपाळावरचा दिवा ओरबाडून काढला आणि लांब फेकला. अंधारात उभा राहून ओरडला. घसा फाटेस्तोवर.

"थांबा. जागचे हलू नका. हे दगड आमचे आहेत. आम्ही पाडले नव्हते. आम्ही खोटं बोललो."

दिवे थांबले.

"हॅल्वर्सन, ऐकताय का? खोटं बोललो. मीही बोललो. पोरांना तिथेच बसवा."

मग म्हाताऱ्याचा आवाज आला, खणखणीत. "बसा सगळे खाली. आहात तिथे."

आणि तो टक्‌चा आवाज... त्यानंतर आला नाही.

उजाडायला फार वेळ लागला नाही. आधी राखाडी, मग कातळाच्या कडा दिसायला लागल्या. हॅल्वर्सन एकटा, पाय चाचपत, त्याच्याकडे आला. चेहऱ्यावर राग होता, तो ऑरिन म्हणतो आयुष्यभर विसरणार नाही. पण चार पावलांवर आल्यावर तो राग गेला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं.

"हलू नका," तो हळूच म्हणाला. "हात द्या. मागे बघू नका. आधी हात द्या."

ऑरिनने हात दिला. म्हाताऱ्याने त्याला ओढून चार पावलं आणलं आणि मग बघू दिलं. तो रात्रभर जिथे बसला होता, तिथून वीतभर मागे कातळ संपत होता. खाली साठ फूट घळ.

त्याच्या पाठीशी, अगदी काठावर, गोट्यांची एक उतरंड उभी होती. एकच. बाकी कुठे काही नव्हतं. किपची, जनेलची, त्याची स्वतःची, सातही त्याने टाकल्या होत्या तशाच, चिपा चिपा होऊन पसरलेल्या. किपचं ते झाकणही एका फटीत पडलेलं.

मागून एक मुलगी ओरडून म्हणाली, "ब्रदर हॅल्वर्सन, मग आम्ही कशावरून आलो?"

हॅल्वर्सन त्या गोट्यांकडे बघत होता. आजूबाजूला सगळा लाल, भुसभुशीत दगड. हे मात्र राखी, पाण्याने घासलेले. असे गोटे वर मिळत नाहीत. ते घळीच्या तळाला असतात, पुराचं पाणी जिथून जातं तिथे. तो पोटावर आडवा झाला, सरपटत काठापर्यंत गेला आणि खाली डोकावला.

तसाच पडून राहिला. मग टोपी काढली.

खाली निळा सदरा होता. टपालवाल्यांचा असतो तसा.

त्या दिवशी दुपारपर्यंत दोरखंड आले, माणसं आली. किप आणि जनेलही वर आले. किपने ऑरिनला बाजूला घेतलं.

"टाकलंस ना तोंडघशी? अकरा पोरांसमोर?"

"बारा दिवे होते, किप. तेरा. आपल्या दगडांवरून येत होते."

"तू पाडलेस म्हणालास ना? मग आपले कुठले? ठरव एकदा. आणि हे सगळं पोलिसांपुढे बोलू नकोस, तो माणूस मे महिन्यात मेलाय, आपण जुलैत आलोय." मग जनेलकडे वळून, "ते फोटो उडव."

जनेलने उडवले. त्याच्यासमोर उडवले. ऑरिनच्या फोनवर एक राहिला, तो त्याने उडवला नाही. बॉइसीपर्यंतच्या परतीच्या प्रवासात तिघं व्हॅनमध्ये काय बोलले, ते मी विचारलं. तो म्हणाला, सांगण्यासारखं नाहीच. पेट्रोलला थांबलो तेव्हा फक्त बोललो. त्यानंतर ते तिघं कधी एकत्र निघाले नाहीत. किपने नवी व्हॅन घेतली, एवढं त्याला तिसऱ्याकडून कळलं.

ऑरिन मात्र गप्प बसला नाही. त्या दिवसांत त्याने सगळं सांगितलं, आपलं खोटंही सांगितलं, जो कोणी विचारेल त्याला. विचारलं फार थोड्यांनी. वरच्या त्या गोट्यांबद्दल पार्कच्या माणसांचं म्हणणं असं, की असतील कोणी पर्यटकांनी खालून आणलेले. असतील. गोट्यावर गोटा, साठ फूट कडा चढून, ज्या कड्याला चढायला वाट नाही. मी त्यावर वाद घालत नाही. पत्रकार म्हणून उभी हयात गेली. ज्याचा पुरावा माझ्याकडे नाही ते मी छापत नाही, आणि भुताला जाब विचारायला कोणत्या कचेरीत जायचं ते मला ठाऊक नाही.

पण खाली काय सापडलं, त्याचा पुरावा आहे. हॅल्वर्सन दोरावरून उतरलेल्यांत होता. त्याने पाहिलं, ऑरिनने वरून पाहिलं, नंतर मी जाऊन पाहिलं. मिल्टन ग्रीव्ह पडला तेव्हा मेला नव्हता. मांडीचं हाड मोडलं होतं. घळ तिथे इतकी अरुंद आहे की दोन माणसं शेजारी उभी राहिली तर तिसरा जाणार नाही. त्या अरुंद जागेत, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, त्याने बसल्या बसल्या, सरपटत, गोटे ओढून आणून कमरेएवढा बांध घातला होता. वरून दिसावा म्हणून, किंवा खालून येणाऱ्याला अडवावा म्हणून. ऑरिनने तो पाहून सांगितलं, धड पायांच्या माणसाला याला एक दिवस लागेल. त्या म्हाताऱ्याला किमान दोन-तीन लागले असतील.

आणि मे महिन्यात, शोधाच्या तिसऱ्या संध्याकाळी, शोधाच्या प्रमुखाने आम्हा पत्रकारांना गोळा करून सांगितलं होतं. ग्रीव्हबाई तिथेच, गाडीचं दार उघडं टाकून बसल्या होत्या. तो म्हणाला होता, टोपी सापडली त्याखालचा घळीचा तळ आज आमच्या माणसांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालून तपासला, तिथे कोणी नाही, म्हणून शोध थांबवतोय. मी ते शब्द लिहून घेतले, दुसऱ्या दिवशी ते छापून आले.

तो बांध ओलांडल्याशिवाय तळातून कोणालाही चालत जाता येत नाही.

तळात त्या दिवशी कोण उतरलं होतं, त्यांची नावं मी आजवर चार वेळा मागितली आहेत. ती मला कोणी दिलेली नाहीत.